मॅडॉक्सबाईंचा द्राक्षरस

आमच्या चर्चमध्ये दारूचा वास ओळखणारी माणसं दोनच. एक माझा नवरा ऑरिन आणि दुसरी मी. त्याने ती पिऊन ओळखली होती, मी त्याच्या तोंडावरून. बाकीची सगळी मंडळी त्या बाबतीत तान्ही बाळं. त्यात नवल काही नाही म्हणा. कॅन्ससमध्ये दारूबंदी आली ती माझ्या जन्माच्याही आधी. पुढे वीस साली सगळ्या देशावर बंदी आली तेव्हा आमच्या गावाने दणदणीत घंटा वाजवल्या, आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले, कारण आमच्याकडे बंद करायला एक गुत्तासुद्धा नव्हता. खोकल्याच्या औषधात असायची थोडी, पण ते औषध. कडू लागलं की ते औषधच, असा आमच्या लोकांचा साधा हिशोब.

ऑरिन आधी रेल्वेत होता, कॅन्सस सिटीला. पगार झाला की हा हद्द ओलांडून मिसुरीत जायचा. तिकडे तेव्हा एका रांगेत गुत्ते. परत यायचा तेव्हा याला स्वतःचं नाव धड सांगता यायचं नाही. मी भांडले, रडले, भांडी फेकली, शेवटी बोचकं बांधून इथे आईकडे निघून आले. मग एका उन्हाळ्यात गावाबाहेर प्रवचनाचा तंबू पडला होता, तिथे हा कुठूनसा उगवला, सगळ्यांसमोर गुडघे टेकले आणि शपथ घेतली की पुन्हा शिवणार नाही. मी मनात म्हटलं, बघू. पण त्याने पाळली. दहा-बारा वर्षं पाळली. इथेच गव्हाच्या कोठारावर कामाला लागला. तरी तो संध्याकाळी घरी आला की मी दारातच त्याच्या तोंडाशी नाक न्यायची, आणि तो गुमान उभा राहायचा.

चर्चवाल्यांना तर तो म्हणजे घबाडच सापडलं. दर वर्षी दारूबंदीच्या रविवारी त्याला पुढे उभं करायचे. "ऑरिन, सांग बाबा तुझी कहाणी." हा टोपी हातात फिरवत तेच तेच सांगायचा, बायका डोळे पुसायच्या, आणि घरी आल्यावर हा जेवायच्या आधी मागे जाऊन लाकडं फोडत बसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जत्रेतलं अस्वल आहे का हा?

त्याला पुढे उभं करणाऱ्या बाई म्हणजे थर्झा मॅडॉक्स. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांच्या, पांढऱ्या फितीच्या संघाच्या आमच्या गावातल्या अध्यक्षा. छातीवर ती फीत नाही असा त्यांचा एक दिवस जात नसे. त्या समोरून आल्या की शेरीफसुद्धा तोंडातला तंबाखू गिळून टाकायचा. पण एक खरं, बाई बोलायच्या तसं वागायच्या. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळे घोटभर घेतात त्याला, लागणारा द्राक्षांचा रस त्यांच्याच मांडवावरच्या वेलींचा. आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाईन चालत नाही, साधा रस. तो पिळायचा, गाळायचा, बाटल्यांत भरायचा आणि कपडे धुवायच्या मोठ्या हंड्यात बाटल्यांसकट उकळायचा, म्हणजे वर्षभर आंबत नाही. हे काम त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

त्यांचा धाकटा मुलगा लायल शहरात नोकरीला गेला आणि तिथे कुणाच्या तरी तळघरात चोरून काही प्यायला. वार्निशात घालतात तसलं काही होतं म्हणे. आधी डोळे गेले, मग तो गेला. त्यानंतर बाई आणखी ताठ झाल्या. आम्ही भेटायला गेलो तर डोळ्यांत टिपूस नाही. "कायदा अजून कडक पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

तर सत्तावीस सालचा ऑक्टोबर. त्या वर्षी तेलाच्या विहिरींवर काम करणारी, पण आमच्यासारखीच दारूचं नावही न घेणारी नवी कुटुंबं चर्चमध्ये आली होती, रस जास्त लागणार होता. बाईंनी बाटल्यांऐवजी काचेचा एक भलामोठा बुधला आणला. बुधला हंड्यात मावेना. मग त्यांनी रसच तेवढा गरम करून बुधल्यात ओतला, बूच मारलं, वर मेण लावलं. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती तर कुणीतरी आठवड्याभरात नाक वर करून विचारलं असतं, बाई, तळघरात काय आंबवताय? आमच्यात विचारणार कोण?

आमच्याकडे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा. अंगठ्याएवढे काचेचे पेले तबकात मांडून डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, बाकाबाकावरून फिरवतात. प्रत्येकाने आपला पेला घ्यायचा आणि हातात धरून थांबायचं. पाळक म्हणाले "सर्वांनी प्या," की मग सगळ्यांनी एकदम.

त्या ऑक्टोबरातल्या रविवारी तबक आमच्या बाकावर आलं. ऑरिनने पेला घेतला आणि त्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

"काय झालं रे?"

"लेटी," तो ओठ न हलवता म्हणाला, "ही दारू आहे."

"काहीतरीच काय! मॅडॉक्सबाईंनी केलाय तो."

"वास घे."

मी घेतला. अगं बाई! तोच तो. आंबूस, गोड, नाकाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. मी इकडे तिकडे बघितलं. सगळी मंडळी भक्तिभावाने पेले धरून बसलेली. दुसऱ्या बाकावर शेरीफ. अहो, ज्या राज्यात घरात नुसती बाटली सापडली तरी आत टाकतात, त्या राज्यातला शेरीफ हातात वाईन घेऊन डोळे मिटून प्रार्थना करत होता.

पाळक विल्कॉक्स म्हणाले, "सर्वांनी प्या." सगळे प्याले. मी माझा पेला हातरुमालात ओतला आणि रुमाल मुठीत दाबला. ऑरिनने मात्र काहीच केलं नाही. रिकामे पेले ठेवायला पुढच्या बाकाच्या पाठीला भोकं असतात, तिथे त्याने आपला पेला भरलेला तसाच ठेवला. मागून म्हाताऱ्या पर्किन्सबाई हळूच म्हणाल्या, "या खेपेला रस छान झालाय नाही?"

नंतर पेले धुतात मॅडॉक्सबाईच. भरलेला पेला त्यांना दिसला, आणि तो कोणाच्या जागेवरचा हेही कळलं. आमच्यात प्रभुभोजनाचा पेला नाकारायचा तो एकाच कारणासाठी: मनात न कबूल केलेलं पाप असेल तर. आणि ऑरिनचं पाप कुठलं असणार हे गावाला सांगायला नको होतं. बुधवारपर्यंत ते पार कोठारापर्यंत पोचलं. ऑरिन पुन्हा प्यायला लागला म्हणे.

शनिवारी बाई स्वतः आल्या, हातात सफरचंदं भरून भाजलेली पाई घेऊन. ती पाई बघूनच माझं डोकं सणकलं. आमच्या गावात पाई घेऊन येतात ते कुणी मेलं तर.

"ऑरिन," त्या त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "पडला असशील तर सांग. मी तुला दोष द्यायला आले नाही. माझ्या लायलला कुणी वेळेवर विचारलं नाही रे."

"मी पडलो नाही, बाई," ऑरिन म्हणाला.

"मग पेला का घेतला नाहीस?"

मी तोंड उघडलं. ऑरिनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला, चांगला जोरात.

"त्या दिवशी मन तयार नव्हतं," तो म्हणाला.

बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि प्रार्थना केली. मनापासून केली, खोटं कशाला बोलू. जाताना दारात मला म्हणाल्या, "लक्ष ठेव गं पोरी. हे लोक लपवण्यात फार हुशार असतात."

हे लोक! दार लागताच मी ऑरिनवर उखडले. "जीभ झडली होती का तुझी? सांगून टाकायचं ना, तुमच्या रसाची दारू झालीय म्हणून!"

"आणि तिला काय वाटेल?"

"तिला काय वाटायचं ते वाटू दे! गाव तुला बेवडा म्हणतंय."

"लेटी, तिच्या पोराला दारूने नेलं. आता तिने तिच्या हाताने अख्ख्या चर्चला दारू पाजली, लहान पोरांसकट, हे तिला मी सांगू? मी?" तो खुर्चीत बसला. "आणि माझं ऐकणार कोण? म्हणतील, दारुड्याला सगळीकडे दारूच दिसते."

मी त्याचं ऐकलं नाही. कधी ऐकलंय म्हणून तेव्हा ऐकेन? नोव्हेंबरात एके सकाळी मी मॅडॉक्सबाईंच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते की आज सोक्षमोक्ष.

"बाई, तो बुधला जरा बघू का?"

त्या खूश झाल्या. कंदील घेऊन मला तळघरात घेऊन गेल्या. बटाट्यांच्या पोत्यांमागे तो बुधला गोधडीत गुंडाळून ठेवला होता, कुणी तापाचं पोर असावं तसा.

"या वर्षी रस जिवंत आहे बघ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "सुरुवातीला बूच दोनदा उडालं. मी पुन्हा मेण लावलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

मी खरं काय ते सांगणार, तेवढ्यात त्या बुधल्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. मी यातला एक पेला रोज घेते. झोपायच्या आधी. लायल गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी पलंगावर नुसती बसून राहायचे, आणि तो अंधारात चाचपडताना दिसायचा. हा रस घ्यायला लागले आणि झोप लागली. देवाने ऐकलं माझं, लेटी. या वेलींतून ऐकलं."

आणि त्या रडल्या. जिने मुलाच्या मातीला टिपूस गाळलं नाही ती बाई बटाट्यांच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली. आता त्यांना मी तुमचा देव बाटलीतला आहे म्हणू? मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आले. रस्ताभर मला माझाच राग येत होता, त्यांचाही येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्यांनी प्यायलेलं देवाचं देणं, आणि माझ्या नवऱ्याने न प्यायलेलं पाप!

डिसेंबरात पाळक विल्कॉक्स आले. भले गृहस्थ, पण मंडळींना घाबरायचे. म्हणाले, "ऑरिन, जानेवारीत पुन्हा पेला नाकारलात तर डीकन तुमचं नाव सभासदांतून काढा म्हणतील. मला थांबवता येणार नाही. एक घोट रस आहे हो. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

ते गेल्यावर ऑरिनने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "घेईन म्हणतो."

"काय?"

"पेला. अंगठ्याएवढा तर आहे."

"तुला अंगठ्याएवढी पुरते का रे?" मी विचारलं.

त्याला पुरत नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्याला एकतर काहीच नको, नाहीतर सगळं. मधलं काही त्याच्यात देवाने घातलेलंच नाही.

मी म्हटलं, चर्च सोडू. मेथडिस्टांच्या चर्चला जाऊ. आजारी पड, मी सांगते ताप आहे. तो हो हो म्हणायचा. पण जसजसा तो रविवार जवळ आला तसं माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. आधी तो त्या पेल्याला घाबरत होता. आता घाबरत नव्हता. जेवताना मध्येच थांबायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा. त्याचा मूड चांगला झाला होता. शनिवारी त्याने बूट पुसले, आणि पुसता पुसता शीळ घालत होता. किती वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. तो त्या घोटाची वाट बघत होता हो. आता त्याला सगळ्यांची परवानगी होती, पाळकांची, डीकनांची, मॅडॉक्सबाईंची. देवाच्या घरात, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर प्यायची परवानगी.

रविवारी गारठा असा की घोड्यांच्या मिशांवर बर्फ. चर्च गच्च भरलेलं. काही लोक प्रभुभोजनाला आले होते, बरेचसे ऑरिनला बघायला. मॅडॉक्सबाई आमच्या पुढच्याच बाकावर बसल्या होत्या.

तबक आलं. बूच उडून उडून, तळघरात बसून बसून तो रस आता चांगलाच पिकला होता. वास न घेताच आला. ऑरिनने पेला उचलला. या खेपेला त्याचा हात थांबला नाही. तो पेल्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी पगाराच्या दिवशी बघितलं होतं. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला, त्याला कळलंसुद्धा नाही. मी तिथे आहे हेच तो विसरला होता.

"सर्वांनी प्या," पाळक म्हणाले.

त्याने पेला ओठांकडे नेला आणि मी तो त्याच्या हातातून हिसकला. विचार वगैरे काही नाही. हिसकला आणि घशात ओतला. मग माझाही ओतला. बाकाच्या भोकांत दोन्ही पेले खटाखट ठेवले, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

मॅडॉक्सबाई वळून माझ्याकडे बघत होत्या. पर्किन्सबाई मागून पुटपुटल्या, "नवऱ्याचा पण?" पाळक पुढचं वाक्य विसरले, मग कुणीतरी पेटीवर सूर धरला आणि सगळे गायला उभे राहिले.

मी उभी राहिले नाही. मला उभं राहायचंच नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि चाळिशी उलटेपर्यंत मी त्या वस्तूला जिभेने शिवले नव्हते. आधी घसा चरचरला. मग छातीत ऊब उतरली, तिथून खांद्यांत. माझे खांदे खाली आले. इतकी वर्षं मी ते वर ओढून धरले होते हे मला तेव्हा कळलं. मॅडॉक्सबाई बघताहेत, बघू देत. गाव बोलेल, बोलू दे. मी मनात कुणाशी तरी सारखी भांडत असते, ती भांडणं थांबली. पेटी किती छान वाजत होती! आणि मला वाटलं, अजून एक घोट मिळाला तर. पुढच्या बाकावर एका पोराने अर्धाच पेला प्यायला होता. मी त्या पेल्याकडे बघत होते. मी! लेटी हॅस्केल!

गावाने त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला. लेटीने नवऱ्याचं पाप स्वतःवर घेतलं, असं काहींनी म्हटलं, आणि लेटीचं डोकं फिरलंय असं उरलेल्यांनी. त्यात ऑरिनचं नाव सभासदांतून काढायचं राहून गेलं. बुधला वसंतातल्या प्रभुभोजनाआधीच संपला आणि नवा रस येईपर्यंत दुकानातल्या बाटल्यांवर भागलं. पुढच्या वर्षी मी मॅडॉक्सबाईंच्या मागे लागून रस काढायला मदतीला गेले आणि एकेक बाटली माझ्या डोळ्यांदेखत खळखळून उकळली. त्या चाखून हिरमुसल्या. "गेल्या वर्षीची सर नाही गं याला," म्हणाल्या. बाईंची झोप पुन्हा गेली. त्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

पण त्या रविवारचं सांगत होते. चर्च सुटलं आणि आम्ही चालत निघालो. कुणी आमच्याशी बोललं नाही. पायाखाली बर्फ करकरत होता. कोठार मागे पडेपर्यंत ऑरिन माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मला वाटलं, रागावलाय. रागावला असता तरी चुकीचं नव्हतं, मी त्याच्या तोंडचं काढून घेतलं होतं.

"कसं होतं?" त्याने शेवटी विचारलं.

मी म्हणणार होते, घाण होतं, कडू होतं, थुंकावंसं वाटलं. तेच म्हणायला हवं होतं. पण ती ऊब अजून अंगात होती आणि खोटं बोलायचं बळ नव्हतं.

"छान होतं," मी म्हटलं. "ऑरिन, मला अजून हवं होतं. मी त्या पोराच्या उष्ट्या पेल्याकडे बघत होते."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मला रडू फुटलं, तिथेच रस्त्यात, गालावर पाणी गोठेल अशा थंडीत.

"तुला असं होतं?" मी विचारलं. "अजून?"

"हो."

"कधी कधी?"

"रोज," तो म्हणाला.